नेरूळच्या हॉलमध्ये टिकी बार: आधी लिंबू, मग बर्फ, मुखवटे नकोच

टिकी म्हणजे पॅसिफिक बेटांची सजावट आणि रमची कॉकटेल्स. अशा थीमची पार्टी करायचीय म्हणून फोन येतो, तेव्हा समोरच्याने निम्मी खरेदी आधीच उरकलेली असते. प्लास्टिकची माडाची झाडं, गवताचे घागरे, कागदी फुलांच्या माळा, दात विचकणारे लाकडी चेहरे. मग म्हणतात, "ताई, तुम्ही फक्त ड्रिंक्सचं बघा." मी नेरूळला राहते आणि बेलापूरपासून ठाण्यापर्यंत घरगुती पार्ट्यांना बार लावून देते. बाटल्या यजमानाच्या. ग्लास, बर्फ, पाक, फळं आणि हात माझे. टिकीत ड्रिंक्सचं नीट बघितलं की बाकी बघायला फारसं काही उरत नाही, असं माझं मत आहे. कारण टिकी बार एकदा मरून परत उठलाय, आणि तो मेला तेव्हा सजावटीची काहीच कमी नव्हती.

गोष्ट अमेरिकेतली. डिसेंबर १९३३ मध्ये तिथली दारूबंदी उठली आणि लगोलग अर्नेस्ट गँट नावाच्या एका भटक्या पठ्ठ्याने हॉलिवूडमध्ये छोटासा बार थाटला. पुढे त्याने स्वतःचं नावच बदलून डॉन बीच करून घेतलं आणि 'डॉन द बीचकोंबर' गाजायला लागला. चांगली व्हिस्की तेव्हा दुर्मीळ आणि महाग होती, रमला मात्र कोणी विचारत नव्हतं. त्याने एकाच ग्लासात दोन-तीन प्रकारच्या रम मिसळल्या, त्यात ताजं लिंबू, दालचिनी, लवंग घातली, वर बारीक बर्फ. भोवती बांबू, मासे धरायची जाळी, मिणमिणते दिवे. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये व्हिक्टर बर्जेरॉनने आपला बार उघडला, तोच पुढे 'ट्रेडर व्हिक्स' झाला. १९४४ मध्ये त्याने 'माय ताय' ही रम-लिंबाची कॉकटेल बनवली. युद्धावरून परतलेले सैनिक पॅसिफिक बेटांच्या गोष्टी घेऊन आले, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं आणि गावोगावी झावळ्यांचे बार निघाले. या बारच्या काउंटरमागे बरेचदा फिलिपिनो माणसं होती. डॉनकडे काम केलेल्या रे बुहेनने १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला 'टिकी-टी' काढला, तो आजही त्याच घराण्याकडे आहे.

सत्तरच्या दशकात हवा गेली. पोरांना ती आईबापांची फॅशन वाटायला लागली. व्हिएतनामच्या बातम्या रोज टीव्हीवर असताना झावळ्यांखाली बसून प्यायची हौसही कोणाला राहिली नाही. पण खरा घाव ग्लासात बसला. पाककृती चोरीला जाऊ नयेत म्हणून डॉनने बाटल्यांवर नावांऐवजी खुणेचे आकडे टाकलेले असत. ओतणाऱ्यालाच माहीत नसे की आपण काय ओततोय. जुनी माणसं एकेक करून गेली आणि मागे उरलेल्यांनी अंदाजपंचे काम चालवलं: बाटलीबंद आंबट-गोड पाणी, डब्यातला अननसाचा रस, लाल रंग. झावळ्या जागच्या जागी होत्या, पण ग्लासात सरबत होतं.

त्यातून टिकीला वर काढलं ते जेफ बेरीसारख्या चिवट माणसांनी. म्हाताऱ्या बारवाल्यांना गाठून, त्यांच्या खिशातल्या वह्या वाचून त्याने कृती जुळवल्या आणि १९९८ पासून छापायला सुरुवात केली. डॉनच्या 'झॉम्बी' नावाच्या कॉकटेलची मूळ कृती त्याला एका जुन्या कर्मचाऱ्याच्या १९३७ सालच्या वहीवरून लावावी लागली. त्या वहीत 'डॉन्स मिक्स' असं नुसतंच लिहिलेलं होतं. बराच काळ पिच्छा पुरवल्यावर कळलं की ते दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक आहे. एवढंसं गुपित! २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'स्मगलर्स कोव्ह' उघडला आणि त्यानंतर नव्या टिकी बारची रांगच लागली. फ्लोरिडातला १९५६ चा 'माय-काय' हा टिकी बार २०२० मध्ये पाण्याने नासधूस होऊन बंद पडला होता. तोही २०२४ मध्ये परत सुरू झाला.

आता कामाचं बोलू. खाली सगळं दहा माणसांच्या हिशोबाने सांगते.

रमपासून सुरुवात. वाईन शॉपमध्ये जाऊन "टिकीला कुठली रम?" विचारू नका, काउंटरवरचा पोरगा सगळ्यात महाग बाटली पुढे सरकवेल. दोन बाटल्या पुरतात. एक ओल्ड मंक. तिला व्हॅनिलाचा वास आणि अंगचा गोडवा आहे, तो इथे कामी येतो. दुसरी तिच्या उलट स्वभावाची हवी: सोनेरी, जरा कोरडी. गोव्यात आता चांगल्या रम बनतात, त्यातली एखादी घ्या, नाहीतर बकार्डीची सोनेरी चालेल. दोन्ही निम्म्या-निम्म्या. ही कंजुषी नाही, टिकीची ही जुनी रीतच आहे. व्हिकची पहिली माय ताय सतरा वर्षं मुरलेल्या जमैकन रमची होती. ती इतकी खपली की रमचा साठाच संपला, आणि मग त्यालाही दोन रम मिसळूनच ती चव गाठावी लागली. आपल्याकडच्या रमच्या बाटलीवर बहुतेक ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तेवढी धार पुरे, परदेशातली पंचाहत्तर टक्केवाली शोधत बसू नका. तिसरी छोटी बाटली संत्र्याच्या लिकरची, ट्रिपल सेक म्हणून मिळते. परमिट नसेल तर एक दिवसाचं दुकानातच फाडून देतात, ते नुसतं खिशात कोंबू नका, जपून ठेवा. आणि पार्टी घरात न करता सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर करणार असाल, तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना आधी काढा. सेक्रेटरीने "चालतंय हो" म्हटलं म्हणून चालत नाही. महाराष्ट्रात रमसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं, हेही भाच्या-पुतण्यांना आधीच सांगून ठेवा.

लिंबू. यावर भांडायची माझी तयारी आहे. बाटलीतला लिंबाचा रस आणलात तर मी घरी निघून जाईन. एपीएमसीत पहाटे गेलात तर उत्तमच, पण त्यासाठी तुर्भ्याला धावायची गरज नाही. कुठल्याही भाजीवाल्याकडची पातळ सालीची, पिवळसर कागदी लिंबं घ्या. एका ग्लासाला तीस मिली रस लागतो, म्हणजे मध्यम आकाराची दोन लिंबं धरा. माणशी तीन ग्लास म्हटले तर साठ लिंबं. हो, साठ. आकडा ऐकून लोक घासाघीस करायला लागतात, जणू लिंबं मीच पिकवते. रस त्याच दिवशी दुपारनंतर काढा, आदल्या रात्री नाही. रात्रभर ठेवलेल्या रसाला कडवट झाक येते. पिळलेल्या अर्ध्या साली फेकू नका, एका डब्यात झाकून ठेवा.

बर्फ. घरच्या फ्रीजच्या ट्रेमधला बर्फ दोन फेऱ्यांत संपतो आणि त्याला कालच्या भाजीचा वास असतो. पाकीटबंद खायचा बर्फ आठ-दहा किलो आणा. मासळीवाल्याकडची लादी स्वस्त पडते म्हणून आणू नका. न खायच्या बर्फाला निळा रंग टाकायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला तो उगाच नाही. आता हा बर्फ फोडायचा कसा? स्वच्छ धुतलेला सुती पंचा घ्या. टॉवेल नको, टॉवेलचे धागे सुटतात. दोन मुठी बर्फ त्यात गुंडाळा, टोकं पिळून धरा आणि ओट्यावर पाट ठेवून त्यावर बत्त्याने ठोका. तीन-चार ठोक्यांत तुकडे हरभऱ्याएवढे होतात, थोडा चुरा होतो. पंचा सुटलेलं पाणी पिऊन टाकतो, म्हणून हातात येतो तो बर्फ कोरडा असतो आणि ग्लासात घातल्यावर पेय पाणचट होत नाही. मिक्सरमध्ये फिरवलात तर बर्फाचा चिखल होतो. ओळखीचा गोळेवाला असेल आणि त्याचं हाताने फिरवायचं यंत्र संध्याकाळपुरतं मिळणार असेल, तर मग बघायलाच नको. व्हिकच्या मूळ कृतीत किसलेलाच बर्फ होता. मी एकदा एका बारशाच्या पार्टीला गोळेवाल्या काकांनाच बोलावलं होतं. पाहुण्यांनी त्यांच्याभोवती जी गर्दी केली, ती माझ्या काउंटरवर रात्रभरात झाली नाही.

बदामाचा पाक. बारवाले याला ऑर्जा म्हणतात. बाजारात बाटली मिळते, पण तिच्यात बरेचदा नुसता इसेन्सचा वास असतो. घरी करणं सोपं आहे, फक्त एक दुपार मोकळी ठेवा. २०० ग्रॅम साधे बदाम कोमट पाण्यात चार तास भिजवा आणि सोला. कडू बदाम चुकूनही घालू नका, ते विषारी असतात. ४०० मिली पाणी घालून मिक्सरला गंधासारखं वाटा, दोन तास तसंच झाकून ठेवा, मग मलमलच्या फडक्यातून पिळा. आमच्याकडे पिळायचं काम सासूबाईंचं, खरवसाचा चीक गाळून त्यांचे मनगट पक्के झालेत. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "अगं, एवढे बदाम दारूत घालणार?" मी चमचाभर पाक त्यांच्या तळहातावर घातला. तेव्हापासून त्या पिळतातही आणि एक वाटी आधी बाजूला काढूनही ठेवतात. गाळलेलं दूध मोजा, जेवढं असेल त्याच्या सव्वापट साखर घाला, अगदी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवा. उकळी आली की दूध फुटतं आणि वर तेलाचा तवंग येतो. गार झाल्यावर चहाचा एक चमचा खायचं गुलाबपाणी आणि तीस मिली रम घाला, रमने तो टिकतो. फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतो. पाणी आणि साय वेगळी दिसायला लागेल, घाबरू नका, हलवून घ्या. मात्र पाहुण्यांत कोणाला बदामाची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारायचंच. ग्लास बघून कोणाला कळत नाही की आत बदाम आहे.

उरलेला बदामाचा चोथा खिरीत जातो, आमच्याकडे पोळ्यांच्या पिठातही जातो.

आता माय ताय. ओल्ड मंक तीस मिली, सोनेरी रम तीस, लिंबाचा रस तीस, संत्र्याचं लिकर पंधरा, बदामाचा पाक वीस. मूळ कृतीत यावर थोडा साखरेचा पाकही असतो, पण ओल्ड मंकचा गोडवा धरून मी तो घालत नाही. शेकर नसेल तर रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची स्टीलची बाटली घ्या. फोडलेला बर्फ भरून दहा सेकंद जीव खाऊन हलवा. बाटलीला बाहेरून दव धरलं आणि हात बधिर झाला की थांबा. बर्फासकट ग्लासात ओता, गाळू नका. वर पिळलेल्या लिंबाची अर्धी साल पालथी ठेवा आणि शेजारी पुदिन्याची जुडी खोचा. पुदिना आधी तळहातावर ठेवून एकदाच टाळी वाजवल्यासारखा मारा. कुस्करायचा नाही. मारला की वास सुटतो, आणि घोट घेताना नाक पुदिन्यातच असतं. बारवाल्यांच्या लेखी ती साल म्हणजे बेट आणि पुदिना म्हणजे त्यावरचं झाड. पिवळी छत्री, चेरी, अननसाची फोड काहीही लागत नाही. माय तायमध्ये अननसाचा रस हवाईतल्या हॉटेलांनी नंतर घातला, पर्यटकांसाठी. मागितला तर मी देते, पण तोंड वाकडं करून.

पहिला ग्लास स्वतः चाखा. लिंबं जास्त आंबट निघाली तर पाक पाच मिली वाढवा, रम वाढवू नका. हे फार महत्त्वाचं आहे, कारण यजमानाचा हात आंबट लागलं की रमच्या बाटलीकडे जातो.

झॉम्बी हा प्रकार मी सगळ्यांना करून देत नाही. डॉननेही एका गिऱ्हाइकाला दोनच, असा नियम केला होता, कारण त्याच्या एका ग्लासात चार छोट्या पेगांच्या आसपास रम होती. घरी निम्म्यावर आणा. त्याला ग्रेपफ्रूट लागतं. त्याच्या जवळचं फळ आपल्याकडे पपनस, तेही गणपतीच्या आसपास बाजारात भरपूर दिसतं. पपनस कमी कडू असतं म्हणून त्याच्या रसात पांढऱ्या सालीचा एक छोटा तुकडा घासून घ्या. इतर दिवसांत डब्यातला बिनसाखरेचा ग्रेपफ्रूट रस चालवून घेते, एवढी एकच सूट. दालचिनीच्या तीन कांड्या, एक वाटी साखर, एक वाटी पाणी, पाच मिनिटं उकळून रात्रभर मुरवलं की पाक तयार. चमचाभर डाळिंबाचा पाकही लागतो. डाळिंबाचा रस आणि साखर समसमान घेऊन तो घरीच करा, बाटलीतला नुसता लाल रंग असतो. मूळ कृतीत बडीशेपेच्या वासाच्या परदेशी दारूचे सहा थेंब आहेत. त्यासाठी मी दोन चक्रीफुलं छोट्या बाटलीत रममध्ये बुडवून चार दिवस ठेवते आणि ड्रॉपरने थेंब मोजते. सातवा थेंब पडला की ग्लासाला औषधाचा वास येतो. दोन्ही रम तीस-तीस, लिंबाचा रस वीस, पपनस आणि दालचिनी पाक मिळून पंधरा, बदामाचा पाक दहा, त्यात किसलेल्या आल्याचा रस अर्धा चमचा आणि वर लवंगेची चिमूटभर पूड. मिक्सरच्या भांड्यात वाटीभर फोडलेल्या बर्फासोबत पाच सेकंद. इथे मिक्सर चालतो, पण पाचच सेकंद.

न पिणाऱ्यांसाठी वेगळं डोकं लावा, त्यांच्या हातात कोल्ड्रिंकचा कागदी ग्लास देऊन मोकळं होऊ नका. शहाळ्याचं पाणी, लिंबू, रम घालण्याआधीच बाजूला काढलेला बदामाचा पाक, दालचिनीचा पाक आणि सोडा, सगळं त्याच बर्फावर, त्याच पुदिन्यासह. यात बिनमिठाचं कोकम आगळ चमचाभर घातलं तर रंगही छान येतो. आगळ माय तायमध्ये मात्र घालू नका. "आपला टच" म्हणून घालणारे भेटतात, पण कोकम पहिल्या घोटालाच रमवर चढून बसतं.

खाण्याची बाजू सगळ्यात सोपी, आणि इथे आपण आपोआप बरोबर असतो. अमेरिकेतल्या टिकी रेस्टॉरंटांत जेवण पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरचं, नव्हतंच. ते होतं कँटनचं चायनीज, नावं तेवढी बेटांची. म्हणजे सेक्टरच्या कोपऱ्यावरचं चिकन लॉलीपॉप आणि चायनीज भेळ मागवलीत तर इतिहासाशी अजिबात प्रतारणा होत नाही. सगळं एका मोठ्या परातीत मांडा, मध्ये चटण्यांच्या वाट्या. शाकाहाऱ्यांना तळलेले वाँटन. खारट आणि तिखट हवंच, नाहीतर तिसऱ्या ग्लासाला गोडाने तोंड मिटतं.

सजावटीचं शेवटी. ट्यूबलाइट बंद करा, यानेच निम्मं काम होतं. दोन पिवळे दिवे, बांबूच्या चटया, केळीची पानं, असलं तर कोळीवाड्यातून मागून आणलेलं जुनं जाळं. लाकडी चेहरे नकोत. ते पॉलिनेशियातल्या लोकांच्या देवांचे आणि पूर्वजांचे चेहरे आहेत. आपल्या गणपतीच्या तोंडाचा बियरचा मग कोणी बनवला तर आपण गप्प बसू का? त्या बेटांवरच्या लोकांनीही हे बोलून दाखवलंय आणि नवे बारवाले ते ऐकू लागलेत. संगीताला मार्टिन डेनीच्या वाद्यवृंदाचं काहीही लावा. होनोलुलूच्या बारमध्ये वाजवताना तळ्यातले बेडूक साथ द्यायला लागले, म्हणून वादक गंमतीने पक्ष्यांचे आवाज काढू लागले आणि तीच त्यांची ओळख झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलात 'टोंगा रूम' आहे, जुन्या पोहण्याच्या तलावावर बांधलेली. तिथे मध्ये तरंगत्या बोटीवर बँड वाजतो आणि ठरलेल्या वेळी छतावरून कृत्रिम पाऊस पाडतात. जुलैत पार्टी ठेवलीत तर नेरूळला हे फुकट आहे, खिडकी तेवढी उघडी ठेवा आणि खाली पुसायला कापड.

मी दहा वाजता शेवटचा ग्लास ओतते आणि बर्फाची पेटी बंद करते, मग कोणी कितीही "ताई, एकच" म्हणो. गाडी आणलेल्यांच्या किल्ल्या यजमानिणीच्या डब्यात, परतीला रिक्षा. ग्लास तिथेच धुवा, बदामाचा पाक वाळला की काचेवर चिकटून बसतो आणि सकाळी गरम पाण्यालाही दाद देत नाही. उरलेला लिंबाचा रस ठेवू नका, तो तांब्याची भांडी घासायला वापरा. दालचिनीचा पाक फ्रीजमध्ये पंधरा दिवस राहतो, काळ्या कॉफीत छान लागतो. चक्रीफुलाची बाटली घट्ट बुचाची असेल तर पुढच्या गणपतीपर्यंत चालेल.